शेवट राहिलेले चित्रपट

चित्रपटांची परीक्षणे लिहिणारी माणसे वेगळी. ती छायाचित्रण, संकलन, पार्श्वसंगीत असले वजनदार शब्द वापरतात. आमच्या घरी हे काम चहाच्या कपाबरोबर उरकते. ‘बरा होता’, ‘लांबला’ आणि ‘वेळ फुकट गेला’ या तीन शेऱ्यांत आमचे सारे समीक्षाशास्त्र आटोपते. तरीही यंदा फराळाचे करता करता वाटले, अलीकडे पाहिलेल्या नव्या-जुन्या चित्रपटांचा हिशेब एकदा मांडावा. त्या नादात दोन-चार चकल्या तुटल्या, पण हिशेब जुळला.

आम्ही चाकणकर. एके काळी चाकण म्हटले की लोकांना कांद्याचा बाजार आठवे. आता मोटारींचे कारखाने आठवतात आणि त्याआधी तळेगाव चौकातली वाहनांची रांग आठवते. चिंचवडच्या बाजूला चित्रपट पाहायला जायचे, तर आमचे हे म्हणतात, “अडीच तासांच्या चित्रपटासाठी तीन तास रस्त्यात बसायचं, तर रस्त्याचंच तिकीट का काढू नये?” त्यातून चिरंजीव कारखान्यात पाळीवर. त्याची सुटी, सूनबाईंची सवड आणि ह्यांची खुशी एका दिवशी येणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. म्हणून आमचे चित्रपटगृह बहुधा दिवाणखान्यातच भरते. पहिल्या रांगेत आठ वर्षांचा नातू, आरामखुर्चीत त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, आणि मी दाराशी. दाराशी अशासाठी, की तिथून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

नातवाच्या हट्टाने ‘फत्तेशिकस्त’ पुन्हा पाहिला. दिग्पाल लांजेकरांचा हा चित्रपट २०१९ सालचा. शिवाजी महाराजांनी १६६३ मध्ये लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची खोड मोडली, त्याची ही कथा. चिन्मय मांडलेकर महाराज झाले आहेत. चित्रपट आवडला, पण चाकणकर म्हणून माझी एक तक्रार आहे. हा खान लाल महालात अद्दल शिकला खरा, पण पहिला धडा त्याला इथे मिळाला होता. १६६० च्या भर पावसाळ्यात आमच्या एवढ्याशा संग्रामदुर्गाने, फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली, त्याच्या अफाट फौजेला जवळजवळ दोन महिने दारात उभे ठेवले. भुईकोट किल्ला, ना डोंगराचा आधार, ना कड्याचा! त्या लढाईवर एक अख्खा चित्रपट का नसावा? दुसऱ्या दिवशी नातवाला किल्ला दाखवायला नेले. उरलेली तटबंदी पाहून तो म्हणाला, “आजी, बाकीचा कुठं गेला?” आता या परीक्षणावर मी काय बोलावे?

मग ‘श्यामची आई’. एक नव्हे, दोन्ही. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा आणि सुजय डहाके यांचा २०२३ चा. जुना तर कृष्णधवल आहेच, पण सत्तर वर्षांनी काढलेला नवाही मुद्दाम कृष्णधवलच केला आहे. पडद्यावर चित्र आले तेव्हा नातवाने आधी टीव्हीच्या मागच्या वायरी तपासल्या. अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेही त्या पदकाच्या पहिल्याच वर्षी. त्यानंतर मराठीला तो मान पुन्हा मिळायला ‘श्वास’ यावा लागला. मध्ये पन्नास वर्षे गेली. नव्या चित्रपटात माणसे हळू बोलतात आणि घर खरे घर वाटते. जुन्यात थोडे नाटक आहे, हे मान्य. पण वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरची ती कष्टाची शांती मला अजून कुणाच्या चेहऱ्यावर दिसलेली नाही. नातवाचा शेरा निराळा. “श्यामची आई चांगली आहे, पण ती सारखी शिकवते.” ह्यांनी लगेच माझ्याकडे पाहिले. मी पाहिले नाही असे दाखवले.

‘बाईपण भारी देवा’ मात्र आम्ही थिएटरात जाऊन पाहिला, २०२३ साली लागला तेव्हा. आळीतल्या अकरा जणी मिळून भाड्याची गाडी करून गेलो. केदार शिंदे यांनी सहा बहिणींची गोष्ट मंगळागौरीच्या खेळात गुंफली आहे. काही दुखणी फार चटकन बरी होतात, एवढे सोडले तर तक्रार नाही. पण मला पडद्यापेक्षा थिएटरातल्या बायका जास्त आवडल्या. नटूनथटून आलेल्या, मोठ्याने हसणाऱ्या. घरी जाऊन स्वयंपाक करायचा आहे, ही घाई त्या दिवशी कुणाच्या चेहऱ्यावर नव्हती. ते पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांचा चित्रपट, अलका कुबल सोसणारी सून. साऱ्या महाराष्ट्रातल्या बायका पदर डोळ्यांना लावून तो पाहून आल्या. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. शेजारणींबरोबर पुण्याला जाण्याची परवानगी मिळाली, ती एका अटीवर. “धारेच्या वेळेला घरात पायजे.” तेव्हा आमच्याकडे दोन म्हशी होत्या. मध्यंतरानंतर थोडे पाहिले आणि एस.टी. चुकेल म्हणून उठले. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडले. शेवट मला शेजारणींनी सांगितला. पुढे तो चित्रपट टीव्हीवर कितीदा तरी लागला, पण मी चॅनेल बदलत राहिले. सासूबाईंना मी एका शब्दाने बोलले नाही. बोलले नाही, म्हणूनच बहुधा विसरले नाही.

आता शेवटचा चित्रपट, आणि यंदाचा सर्वांत जुना. ‘संत तुकाराम’, १९३६. पुण्याच्या प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. जिथे तो तयार झाला, त्याच आवारात १९६० पासून चित्रपट शिकवणारी संस्था आहे. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आहेत असे म्हणवत नाही. ते तुकोबाच वाटतात. त्यातले एक गाणे शांताराम आठवल्यांनी असे लिहिले, की पुष्कळांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. आम्हाला तर ही घरचीच गोष्ट. देहू इथून जवळ, आणि तुकोबा ज्या भामचंद्राच्या डोंगरावर ध्यानाला बसत, तो आमच्या शेजारचा. पण सारा चित्रपट मला विचाराल तर गौरीबाईंच्या जिजाईचा आहे. पोर आजारी, घरात दाणा नाही, आणि नवरा देवाच्या नादात. ती बाई तडक देवळात जाते आणि पायातली वहाण काढून देवाला जाब विचारते.

तिथे सासूबाई एकदम म्हणाल्या, “इथवरच पाह्यलाय मी.”

मी विचारले, “म्हणजे?”

“जत्रेत तंबू आला व्हता. धा-अकरा वर्सांची असंन मी. धाकटा भाऊ कडेवर. तिनं वहाण उगारली आन् त्यो रडाया लागला. माणसं वराडली, पोराला भायेर न्या म्हून. मी तंबूच्या भायेर हुबी. नुसतं ऐकू यायचं.”

बहात्तर वर्षांनी त्यांनी पुढचा चित्रपट पाहिला. शेवटी विमान आले, तुकोबा वैकुंठाला निघाले. नातू विमानाकडे पाहत होता. सासूबाईंनी हात जोडले, पण त्यांची नजर जमिनीवर राहिलेल्या जिजाईवर होती. “ही मागंच ऱ्हायली की गं,” त्या म्हणाल्या. एवढेच त्यांचे परीक्षण.

मी टीव्ही बंद करायला उठले, तशा त्या म्हणाल्या, “त्यो तुझा साडीचा पिच्चर. तू उठून आली व्हतीस धारंला. लावता येतो का गं त्यो?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मला वाटत होते, ती गोष्ट एकट्या माझ्याच लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘माहेरची साडी’ लावला. चित्रपट कसा आहे म्हणाल, तर लांबला आहे. रडू जरा मागून घेतो, आणि मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही. आम्ही दोघींनी ते सढळ हाताने दिले. शेवट जवळ आला आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. सवयीने मी उठले.

“बस खाली,” सासूबाई म्हणाल्या. “मी बघते.” आणि काठी घेऊन त्या निघाल्या. दाराशी थांबून त्यांनी मागे वळून पाहिले. “आता थांबवता येतोय ना त्यो? मग थांबव. मी आल्याबिगर लावू नको.”

त्या गॅस बंद करून हळूहळू परत येईपर्यंत अलका कुबल पडद्यावर तशीच उभी होती.