एकसाचीपणाचा आरोप
वास्तूच्या आराखड्यात संगणक शिरला आणि कल्पकतेची इतिश्री झाली, असा आक्षेप घेणाऱ्या जाणत्या मंडळींचा रोष मला समजतो. कारण पडद्यावरचे तयार तुकडे उचलून जुळवलेल्या, एकमेकींची नक्कल वाटाव्या अशा इमारती शहरोशहरी उभ्या आहेत. परंतु हा दोष साधनाचा, की ते राबवणाऱ्याच्या आळसाचा, याची चौकशी केल्यावाचून साधनाला गुन्हेगार ठरवणे मला मान्य नाही.

या मंडळींचा आवडता दाखला सिडनीच्या ऑपेरा हाउसचा. १९५७ मध्ये वास्तुविशारद योर्न उट्झॉन यांनी हाताने काढलेल्या चित्रांवर स्पर्धा जिंकली, हे निर्विवाद. परंतु ती मुक्त वळणे बांधकामात उतरवण्याची तजवीज काही केल्या होईना, आणि अखेर १९६१ च्या सुमारास छताची सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घेण्याची अलौकिक युक्ती निघाली, तेव्हा कोठे त्या कवचांच्या फासळ्यांचे काँक्रीटचे भाग मोजक्या साच्यांतून पुनःपुन्हा ओतता आले. साच्यापुढे तेथे कल्पनेला वाकावे लागले, आणि तो साचा संगणकाने लादलेला नव्हता. उलट त्या कवचांचे गणित सोडवताना अभियंत्यांनी त्या काळचे संगणकच हाताशी घेतले होते.

आता स्पेनमधील बिल्बाओचे, १९९७ मध्ये उघडलेले गुगेनहाइम संग्रहालय पाहा. त्याचे वास्तुविशारद फ्रँक गेरी कागद-लाकडाचे नमुने हातांनीच घडवीत. त्या नमुन्यांच्या वळणावळणावरचे बिंदू टिपून, फ्रान्सच्या दासो कंपनीने विमानांच्या घडणीसाठी रचलेल्या ‘कॅटिया’ प्रणालीत ते उतरवण्यात आले. पोलादाच्या प्रत्येक घटकावर बारकोड होता. कामाच्या जागी तो वाचला की तो घटक नेमका कोठे बसायचा ते कळे, आणि लेझरने मापून तो तेथेच बसवला जाई. एरवी वास्तुविशारदाचा नकाशा अभियंत्याकडे, तेथून कंत्राटदाराकडे, तेथून पोलादाच्या कारखान्यात जातो आणि प्रत्येक मुक्कामी नव्याने काढला जाताना चुका व तंटे गोळा करतो. येथे संगणकातील एकच नमुना हे सर्वांचे दप्तर होते, वेगवेगळ्या आकारांचे तुकडेही त्यावरून जुळत, सबब तुकडे एकसारखे असण्याची सक्तीच उरली नाही. ज्या साधनावर एकसाचीपणाचा आरोप आहे, त्यानेच बांधकामाला साच्याच्या जाचातून सोडवले.

कारागीर देशोधडीला लागेल, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या चर्चमध्ये, त्याचे वास्तुविशारद गौदी यांचे १९३६ मध्ये फोडले गेलेले प्लास्टरचे नमुने उलगडण्यास संगणकाने हातभार लावला, आणि यंत्राने कापलेल्या दगडावर अखेरचा हात कारागिराचाच फिरत आला. त्या कारागिराला नवे दप्तर वाचायला शिकवण्याचा खर्च प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे; तो टाळणारा मालक संगणकाला पुढे करून आपली कंजुषी लपवीत असतो.