राखणीच्या बंदुकीचा दस्ता



महाड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते माजी सैनिक. घरी परवान्याची ३१५ बोअरची, बोल्ट ओढून चालणारी रायफल आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात घरात पाणी शिरले, तेव्हा ती दीड दिवस चिखलात बुडून राहिली. लोखंड त्यांनी पुसून तेल देऊन वाचवले. लाकूड मात्र आधी फुगले, मग चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्याने आकसले आणि आता दस्त्याच्या मानेला तडा दिसतो. ते विचारतात, “गावचा सुतार नवा दस्ता करून देतो म्हणतो. भाच्याने मोबाईलवर परदेशातले तयार प्लास्टिकचे दस्तेही दाखवले. काय करावे?”

मी शेतकी पदवीधर, बंदुकांचा कारागीर नव्हे. पण महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर नोकरीची वर्षे गेली, आणि भात-नाचणीबरोबर राखणीचा विषय निघाल्यावाचून आमची एकही सभा उठत नाही. ठासणीच्या, एकनळी, दोननळी अशा पुष्कळ बंदुका पाहिल्या. तारेने आवळलेले दस्तेही पाहिले.

त्यातला एक विसरत नाही. पोलादपूरच्या डोंगरातील एका वाडीवर एकनळी बंदुकीला सुताराने ऐनाचा नवा दस्ता बसवला होता. काम इतके सुबक, की मी स्वतः वाखाणले. लाकूड मात्र त्याच साली तोडलेले होते. पावसात ते फुगून बसले आणि शिमग्याच्या उन्हात आकसले. पेच सैल झाले. पुढच्या नाचणीच्या वेळी बार काढला, तेव्हा दस्ता मानेतून मोडला आणि लोखंड मालकाच्या तोंडावर आले. ओठ फाटला, दोन दात गेले. सुताराचा हात वाईट नव्हता. ओल्या लाकडाने घात केला.

तेव्हा पहिली गोष्ट लाकडाची. कुऱ्हाडीचा दांडा निवडताना आपण रेषा पाहतो. उभी रेषा दांड्याच्या टोकापर्यंत गेली तर दांडा टिकतो, मध्येच बाजूला फुटली तर तिथेच मोडतो. दस्त्याची मान ही तशीच जागा. तिथे लाकूड सर्वांत बारीक आणि धक्का सर्वांत मोठा. रेषा मानेतून सरळ गेलेली हवी, गाठ नको. फौजी बंदुकांना पिढ्यान्पिढ्या अक्रोडाचे लाकूड वापरले, कारण ते फार जड नाही, चिवट आहे आणि एकदा मुरले की फारसे हलत नाही. आपल्याकडे जुना शिसव किंवा साग मिळतो. शिसव जड, पण चांगला. जाडीच्या इंचामागे एक वर्ष सावलीत वाळवावे असा जुना ठोकताळा आहे. वाळले की नाही हे कळायला दुकानाचा तराजू पुरतो. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार झाले. पण हे वजन उन्हाळ्यात करा. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात आषाढात वाळलेले लाकूडही पुन्हा पाणी ओढते.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ही कोणी पाहत नाही. दस्ता बंदुकीपेक्षा माणसाला बसला पाहिजे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर हे मुख्य माप. बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने चाचपून पाहा. घरातल्या पोरांना बाहेर घालवा. मग कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचे पहिले पेर चापावर आले तर माप साधारण जुळले. जुन्या ली-एनफील्ड रायफलीला फौजेत एका मापाचा दस्ता देतच नसत. नेहमीच्या मापाहून अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि चणीने लहान शिपायासाठी एक इंच आखूड असे प्रकार असत. शिपायाला जे मिळत होते ते आपण का घेऊ नये? त्यात राखणदार रात्री अंगावर घोंगडी घेऊन बसतो. घोंगडीची जाडी मापात मिळते, दस्ता बगलेत अडकतो आणि घाईत नळी भलतीकडे वळते. म्हणून माप घोंगडी पांघरूनच घ्यावे. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप माशीच्या रेषेत यावा. मान ताणावी लागत असेल तर दस्ता चुकला.

तिसरी गोष्ट बसवण्याची. पत्रलेखकांची रायफल बहुधा पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यातील असावी. इंग्रजांनी फौजेचा ३०३ चा दारूगोळा लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून त्या मापाला बंदी केली, आणि तेव्हापासून हे ३१५ चे माप आपल्याकडे रुजले. घडण ली-एनफील्डचीच आहे, म्हणजे लाकूड पुढचे आणि मागचे असे दोन तुकड्यांत. मागचा दस्ता आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने आवळलेला असतो. जुन्या ली-एनफील्डमध्ये या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकते. पुढचे लाकूड न काढता मागचा बोल्ट फिरवला, की पुढचे लाकूड उभे चिरते. रविवारी घरी पान्हा घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

चांगला कारागीर लोखंडाला दिव्याची काजळी लावतो, लाकडात बसवतो आणि उचलून पाहतो. काळे डाग जिथे पडले तिथेच पटाशीने खरवडतो, पुन्हा बसवतो. असे पन्नास वेळा. धक्का घेणाऱ्या जागा लाकडावर दोन्ही बाजूंना सारख्या टेकल्या पाहिजेत. एकाच बाजूला भार आला तर तडा ठरलेला. घाईने मोठी खाच पाडून मागून पाचर किंवा भुसा-सरस भरलेला दस्ता मुळीच घेऊ नये. काम पाहायला गेलात तर काजळीचे डाग दाखव म्हणावे. जाणता कारागीर रागावत नाही. शेवटी आतून-बाहेरून जवसाचे तेल चढवायचे, पातळ हात देऊन, प्रत्येक हात वाळू देऊन. खाचेच्या आतला भाग कोरडा ठेवला तर पावसाळा तिथूनच शिरतो.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचा धंदा आहे. आपला सुतार कितीही भला असला तरी त्याच्या हाती बंदूक दिली तर तोही अडकतो आणि आपणही. शस्त्राचे सुटे भागही कायदा शस्त्रातच धरतो, म्हणून मोबाईलवरून परदेशी दस्ता मागवण्याच्या भानगडीत पडू नये. प्लास्टिकचा दस्ता फुगत नाही हे खरे, आणि आपल्या हवेला तो वाईटही नाही. पण तयार म्हणून विकलेला दस्ताही बहुतेक वेळा घासूनच बसवावा लागतो, आणि तो दुसऱ्या बनावटीच्या बंदुकीसाठी असेल तर बसतच नाही. घ्यायचाच तर परवानाधारक दुकानातून, त्याच्याकडूनच बसवून आणि पावतीसह घ्यावा.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा पावतीवर दस्त्याची अवस्था लिहून घ्यावी. एका शेतकऱ्याची बंदूक तीन महिन्यांनी परत आली ती बुरशी धरून, आणि तडा आधीचा की नंतरचा हे कोणालाच सांगता येईना.

नवा दस्ता बसला की गोळीची जागा बदलते. जुन्या अंदाजावर विसंबून रात्री बार काढू नका. मान्यताप्राप्त शूटिंग रेंजवर दिवसा पाच-सात गोळ्या झाडून माशी जुळवून घ्यावी. रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते, आणि आपल्या डोंगरात शेताच्या मागे वाडी, वाडीच्या मागे पायवाट असते. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली त्यासाठी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. पिकाची नासाडी झाली तर मात्र डुक्कर मारले असो वा नसो, भरपाईचा अर्ज वनखात्याकडे ताबडतोब करावा. पुष्कळ जण रागाच्या भरात तेवढेच विसरतात.

पत्रलेखकांना सांगायचे ते इतकेच, की मानेला तडा आहे तोवर त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नये, अगदी चाचणीलाही नाही. सरसाने किंवा तारेने आवळून काम भागवू नये. परवान्याचे पुस्तक बरोबर घेऊन दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानात जावे. तोवर लाकूड चुलीपासून दूर, सावलीत, वारा लागेल असे ठेवावे. घोंगडी पांघरून घेतलेले माप कागदावर लिहून न्यायला विसरू नये.