घटलेल्या वजनाची राखण

रात्री दुकान वाढवताना गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांचा मेळ बसल्याखेरीज गादीवरून उठायचे नाही, हा व्यापारी घराण्यांचा जुना शिरस्ता आहे. उलाढाल लाखांची असो, दहा रुपयांचा फरक आला तरी तो शोधला जातो. दुर्लक्षिलेला लहान फरक वर्षअखेरीस मोठा होऊन उभा राहतो, हे पिढ्यांच्या अनुभवाने पटलेले असते. हाच शिरस्ता देहाच्या हिशेबात मात्र अनेकदा मोडतो.

एका धान्य व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. वय ४५, वजन १२८ किलो, जोडीला मधुमेह आणि गुडघेदुखी. घरच्यांच्या आग्रहाने त्याने वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दीड वर्षात ४० किलो वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, देरासराच्या पायऱ्या तो न थांबता चढू लागला. नातलगांनी कौतुक केले आणि घराने मानले की प्रश्न कायमचा सुटला. तिसऱ्या वर्षापासून गादीशेजारी पुन्हा फरसाणाचा डबा आला. दलालांबरोबर चहा, चहाबरोबर खारी, दुपारी मूठभर शेव. एका वेळी फार काही नाही. पण दिवसभर थोडेथोडे. पाचव्या वर्षी वजन १०१ किलोवर गेले तेव्हा घरातील वजनकाटा माळ्यावर पोहोचला होता. दुकानातील काट्याची मुदतीत तपासणी करून त्यावर सरकारी मुद्रा उमटवून घेणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या काट्यावर उभे राहण्याची लाज वाटू लागली होती. डॉक्टरांकडे जाणे त्याने दोन वर्षे टाळले होते.

त्याचे काय चुकले, हे समजण्यासाठी शस्त्रक्रिया नेमके काय करते ते पाहावे लागते. ‘स्लीव्ह’ या प्रचलित प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात व उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. ‘बायपास’मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरते आणि भूक व तृप्ती यांचे संदेश देणारी संप्रेरकेही बदलतात. म्हणूनच पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते. पुढे शरीर नव्या स्थितीशी जुळवून घेते. लहान झालेल्या देहाला ऊर्जा कमी लागते, भूक हळूहळू परतते, नळी थोडी सैलावते. शरीर गमावलेले वजन परत मिळवू पाहते, हा त्याचा स्वभावधर्म आहे.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने हे आकड्यांत दाखवले. बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते; दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली. याचे दोन अर्थ निघतात. थोडे वजन परत येणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते, त्यात अपराध नाही. आणि दहा वर्षांनंतरही मोठा लाभ टिकतो, त्यामुळे निराशेलाही कारण नाही. शस्त्रक्रिया म्हणजे हाती आलेले भांडवल. ते राखायचे की खर्चून टाकायचे, हे रोजच्या व्यवहारावर ठरते.

हे भांडवल मोठ्या जेवणातून क्वचितच जाते, कारण तेवढे पोटात मावतच नाही. ते जाते खाकरा, शेव, चिवडा, बिस्कीट, मिठाई आणि गोड चहा यांतून. हे पदार्थ तोंडात विरघळतात, नळीतून झरझर उतरतात आणि तृप्ती मात्र देत नाहीत. घट्ट वरण वा पनीर तेथे थांबते, पोट भरल्याची जाणीव देते. म्हणून पहिला नियम असा की ताटात प्रथम प्रथिने, मग भाजी, शेवटी पोळी वा भात. दुसरा नियम, जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. अन्न पाण्याबरोबर लवकर वाहून गेले की भूक लवकर लागते. तिसरा, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि दोन वेळांच्या मध्ये तोंड बंद.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे साधारण लक्ष्य असते. एका वाटी घट्ट वरणातून ६ ते ८ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात. जैन स्वयंपाकघरात हे साधते, पण आखणी लागते. मुगाचे धिरडे, पनीर, सोयाबीनचे पीठ, दूध, दही यांचा दिवसभराचा क्रम लावावा लागतो. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात कच्चे दही व डाळ वेगळ्या वेळी ठेवावी लागतात. तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असली तरी डाळी असतातच. ताटात नुसता भात-पोळी वाढली तर मात्र तिथीच वजनाची वाट मोकळी करते.

चौविहार करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. लहान पोटात एकदम पेलाभर पाणी मावत नाही. म्हणून नवकारशीनंतर घोट घोट सुरुवात करून सूर्यास्तापूर्वी दीड-दोन लिटर पाणी आणि दिवसाची प्रथिने पूर्ण व्हायला हवीत. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही याच वेळेत बसवाव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे. शाकाहारामुळे बी-१२ आधीच कमी मिळते, शस्त्रक्रियेने त्याचे शोषणही घटते. म्हणून त्याचा पुरवठा आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी आयुष्यभर चालू ठेवावी. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. मनात शंका धरून औषध बंद करण्यापेक्षा गोळीच्या रूपातील वा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय मागावा.

तपाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पर्युषणात घरात अठाई चालू असताना आपण मागे राहू नये, असे शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दीर्घ उपवासाने अशा देहात पाण्याची आणि जीवनसत्त्वांची उणीव लवकर होते, स्नायू झिजतात; आणि पारण्याच्या दिवशी शिरा, मिठाई व आग्रह यांची भर पडते. बायपास झालेल्यांना तर एकदम गोड खाल्ल्याने घाम, धडधड, चक्कर असा त्रास होतो. म्हणून पचखाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि महाराजसाहेबांनाही देहाची स्थिती मोकळेपणाने सांगावी. सहा बाह्य तपांपैकी अनशन हे एकच नाही. ऊणोदरी आहे, वृत्तिसंक्षेप आहे, रसत्याग आहे. भुकेपेक्षा काही घास कमी घेणे, पदार्थांची संख्या मर्यादित ठेवणे, गोड-तळलेले सोडणे ही तपे शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याशी तंतोतंत जुळतात, आणि ती आठ दिवसांची नव्हे, आयुष्यभराची आहेत.

घरच्यांची जबाबदारीही कमी नाही. ‘एवढेसे खाल्ल्याने काय होते?’ हा मायेचा आग्रह त्या व्यक्तीच्या वर्षांच्या कष्टावर पाणी फिरवतो. फरसाणाचा डबा नजरेआड ठेवणे, पंगतीत लहान ताट विनातक्रार वाढणे आणि वाढलेल्या वजनावर टोमणा न मारणे, एवढे घराला सहज करता येते.

आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी सकाळी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन किलोंची वाढ महिनाभर टिकली तर डॉक्टरांकडे जावे. १० किलोंची वाट पाहू नये. कधी कारण थायरॉइडचे असते, कधी एखाद्या औषधाचे, कधी मनाच्या उदासीनतेचे. आहारतज्ज्ञांचा सल्ला, व्यायाम, नवी औषधे, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया असे मार्ग आज उपलब्ध आहेत. लवकर येणाऱ्याला सोपा मार्ग पुरतो.

धान्य व्यापाऱ्याची गोष्ट संवत्सरीला वळली. सायंकाळच्या प्रतिक्रमणात वर्षभराच्या दोषांची आलोचना करताना त्याला जाणवले की दोष लपवल्याने नव्हे, उघड केल्याने हलका होतो. मग डॉक्टरांपुढेच लपवाछपवी कशासाठी? पुढच्या आठवड्यात तो तपासणीला गेला. रक्तातील साखर पुन्हा वाढलेली होती, बी-१२ फार खाली गेले होते. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी नवे वेळापत्रक आखून दिले. आठ महिन्यांत सात किलो उतरले. ८८ किलोंचा आकडा कदाचित पुन्हा दिसणार नाही, हे त्याने स्वीकारले आहे. पण माळ्यावरचा काटा खाली आला आहे, आणि दर रविवारी देवदर्शनाला निघण्यापूर्वी तो त्यावर उभा राहतो. उत्तराध्ययन सूत्रात भगवान महावीरांनी गौतमास पुन्हा पुन्हा दिलेला अप्रमादाचा उपदेश त्याच्या घरात आता असा पाळला जातो.