आधी ब्रेक, मग बाकीचं!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, टार्गेट आणि कॉन्फरन्स कॉल. शुक्रवारी रात्री मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच पिक्चर चालू असतो... एक जुनी, दणकट, फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. घराच्या अंगणात उभी. आपण हातात स्पॅनर घेऊन तिच्याखाली आणि शेजारी चहाचा कप. मग नेटवर शोधाशोध सुरू होते. मोठे टायर, पुढे विंच, टपावर लाइटची रांग आणि जमलंच तर टर्बो इंजिन! या स्वप्नात गाडी नेहमी पळत असते. थांबताना मात्र ती कधीच दिसत नाही. आजचा कॉलम त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल.

आमची केस सांगतो. गाडी मामाची. महिंद्राची १९९३ सालची फोर व्हील ड्राइव्ह पिकअप, एमएच ३१ पासिंग. मुक्काम चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. हे नाव ऐकलं नसेल, तर नागपूरच्या एखाद्या मित्राला विचारा. मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं, गोबरवाहीच्या बाजूचं हे गाव ओळखलं जातं मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी. ब्रिटिशांच्या काळापासून इथून काळा दगड निघतोय. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी झाली. तिचंच आजचं नाव मॉइल आणि हेड ऑफिस नागपुरात. मामा याच खाणीत फिटर म्हणून रिटायर झाला. मी नागपुरात नोकरी करतो, त्यामुळे शनिवारी पहाटे निघालो की नाश्त्याला चिखल्यात.

आमच्याकडे भाच्याला मोठा मान. मामा भाच्याला पाया पडू देत नाही. पण गाडीखाली झोपवायला त्याची काहीच हरकत नसते, हे मला याच प्रोजेक्टमध्ये कळलं!

भंगार की गाडी?

पिकअप दोन पावसाळे गोठ्याशेजारी उभी होती. मालवाहू म्हणून नोंद असल्याने दरवर्षी फिटनेस लागायचं आणि ते संपलेलं. भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. मामी म्हणाली, देऊन टाका. मामा काहीच बोलला नाही. धानाची पोती, शेतातला पंप, लग्नाचे मंडप, सगळं त्या गाडीने वाहिलेलं. भाड्याच्या गाडीवर हंगाम काढणं त्याला परवडलं असतं, पण रुचलं नसतं.

इथे एक गैरसमज दूर करू. दिल्लीतल्या दहा वर्षं जुन्या डिझेल गाड्यांच्या बातम्या वाचून आपल्याकडेही लोक धसका घेतात. महाराष्ट्रात वय झालं म्हणून गाडी सरसकट बाद होत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राची स्क्रॅपेज योजना आली, तिचाही कणा आहे फिटनेस. गाडी चाचणीत पास झाली, पर्यावरण कर भरला, कागद नीट असले, तर ती चालते. म्हणजे प्रश्न भावनेचा नव्हता, परीक्षेचा होता. आणि परीक्षेचा पेपर काढणाऱ्याला तुमचा मेटॅलिक पेंट दाखवून काहीही फायदा नाही.

पहिलं हत्यार : हातोडी

मामाने पहिल्या शनिवारी माझ्या हातात छोटी हातोडी दिली. गाडी धुतली, चेसिसवरची चिखलाची खपली काढली आणि वीतवीतभर अंतरावर ठोकत गेलो. चांगलं लोखंड टणटण वाजतं. आतून गंजलेलं असेल तर आवाज बद्द येतो. जास्त संशय घ्यायचा तो पाट्यांच्या हँगरपाशी, बॉडी जिथे बोल्टने बसते तिथे आणि जिथे पाणी साचून राहतं त्या कोपऱ्यांत. आमच्या गाडीत मागच्या डाव्या हँगरजवळ बद्द आवाज आला. तेवढा भाग कापून, नवीन प्लेट लावून वेल्डिंग करून घेतलं. घरी वेल्डिंग करू नका, चेसिसचं तर नाहीच. ते काम सराईत हाताचं. आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

मग पाटे. सस्पेन्शनचे हे पाटे सिलिकॉन-मँगनीज जातीच्या स्टीलचे असतात. म्हणजे ज्या मालासाठी आमच्या गावाखाली बोगदे खोदलेत, तोच थोडासा या गाडीच्या पोटातही आहे. साध्या पोलादातही मँगनीज असतंच. ते गंधकाला बांधून ठेवतं, नाहीतर तापवून लाटताना पोलादाला भेगा पडतात. मामा आयुष्यभर जो दगड वर काढत होता, त्यावरच तो इतकी वर्षं बसून फिरत होता! दोन पाट्यांना चीर होती, ते बदलले. बाकीच्यांना नवीन बुश आणि पिना.

गाडीखाली जायचं तर एक नियम पाळायचाच. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या लावायच्या, जमिनीवरच्या चाकांना दगड लावायचे आणि मगच खाली जायचं. अंगण मातीचं असेल तर घोडीखाली जाड फळी.

दाब... धर... सोड

आता मुख्य विषय. ऑफिसमधल्या मित्राचं म्हणणं होतं, 'अरे, इंजिनापासून सुरुवात कर, मजा तिथे आहे.' मामाचं म्हणणं वेगळं. 'भाचेराव, आधी थांबाचं पाहा, मंग पळाचं.'

मामाच्या बाजूने दहावीचं फिजिक्सही आहे. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट. त्यात मागे धानाची पोती. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे ब्रेकवर नवीन कर्ज काढणं. हप्ता पहिल्या उतारावर!

पेडल काय सांगतं ते ऐका. पेडल खोल जातं, पण दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होतं, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ब्रेक शू लांब राहिलेत. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसतं आणि बाहेर कुठे गळती दिसत नाही, तर मास्टर सिलिंडरची आतली सीलं गेली. आमच्याकडे दोन्ही लक्षणं होती. मास्टर सिलिंडर नवा, चारही व्हील सिलिंडर नवे, लायनिंग नवीन, रबरी होज नवे आणि गंजलेले पाइप बदलले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. मग उतारावर सतत ब्रेक तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ होतं. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलायचं, नुसतं वरून भरत राहायचं नाही.

ड्रम उघडल्यावर आत काळी धूळ असते. ती फुंकायची नाही आणि एअर मारूनही उडवायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं तर परत येत नाही. मामाने ओलं फडकं दिलं. भूमिगत खाणीत ड्रिल मारताना पाणी सोडतात, ते धूळ उडू नये म्हणून. खाणीतली शिस्त अंगणात तशीच लागू पडली.

शेवटी ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं. हे दोन माणसांचं काम. एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी निपल उघडायला. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकाने. मामी पेडलवर बसली, मी चाकापाशी आणि मामा मधे उभा राहून, 'दाब... धर... सोड!' बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हेच. ऑफिसात इतकी स्पष्ट सूचना मला आजवर कोणी दिलेली नाही.

स्वस्तातलं सर्वात मस्त अपग्रेड

रात्री गावाकडच्या रस्त्यावर जुन्या गाडीचे हेडलाइट पिवळट का दिसतात? दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतो. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॉट. बारा व्होल्टला तो करंट झाला दहा अँपिअर. जुन्या वायरिंगमध्ये हा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो. वायर बारीक, जोड गंजलेले. वाटेतच व्होल्टेज गळतं. उपाय सोपा. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले. स्विचचं काम फक्त रिलेला आदेश द्यायचं. बल्ब त्याच वॉटचे, पण उजेड कितीतरी जास्त. शिवाय स्विच वितळायची भीती गेली. आम्ही जुनं वायरिंग उतरवून नवीन फ्यूज बॉक्स बसवला, थ्री पॉइंट सीट बेल्ट लावले आणि मागे रिफ्लेक्टिव्ह टेप. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, हे मान्य.

इंजिन बदलू का?

बदलू नका. निदान आधी कागद वाचा. आमच्या पिकअपमध्ये प्यूजोच्या तंत्रावरचं २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०. कागदावर ६२ हॉर्सपॉवर. आजच्या हॅचबॅकही याहून जास्त देतात, पण शेताच्या वाटेला हे पुरतं. डिझेलची टाकी आणि पाइप साफ, नवीन फिल्टर, हीटर प्लग नवे, मग हातपंपाने एअर काढली. इंजेक्टर आणि पंप मात्र टेस्ट बेंचवर पाठवले, कारण ते घरी करायचं कामच नाही.

मंडी डबवालीच्या मॉडिफाइड जीप तुम्ही पाहिल्या असतील. दिसायला एकदम सॉलिड! पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी जुळलाच पाहिजे. इंजिन, इंधन, बॉडी, चाकांचा आकार यांना हात लावण्याआधी आरटीओत विचारा. आणि जुनी गाडी विकत घेणार असाल तर टायर नंतर बघा, हे दोन नंबर आधी बघा.

ते जादूचे दोन दांडे

गिअरशेजारचे दोन दांडे हीच या गाडीची खरी शान. एकाने पुढची चाकं जोडायची, दुसऱ्याने लो रेंज. लक्षात ठेवायचं ते इतकंच की या जुन्या पद्धतीत फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळणावर दोघांचा मार्ग वेगळा असतो. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, मग सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर. म्हणून कोरड्या रस्त्यावर टू व्हील, चिखलात फोर व्हील. वर्षानुवर्षं न वापरलेलं फोर व्हील जाम होतं, तेव्हा अधूनमधून मातीच्या रस्त्यावर ते टाकून चार पावलं चालवायचं. तिन्ही ठिकाणचं, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलचं ऑइल वेगवेगळं तपासायचं.

सगळ्यात शेवटी रंग. साधा पांढरा. मामीचा आग्रह एवढाच की मागच्या फाळक्यावर नातीचं नाव हवं.

या सगळ्याला अकरा वीकेंड लागले. अर्ध्याहून जास्त खर्च झाला तो ब्रेक, पाटे आणि वायरिंगवर. म्हणजे एक रुपयाही 'लूक'वर नाही. फिटनेसला ब्रेक पहिल्याच फेरीत पास. अधिकाऱ्याने खाली वाकून चेसिस नंबर ताडून पाहिला, सही केली आणि मामा एवढंच म्हणाला, 'झालं ना.' यंदाची धानाची पोती तुमसरच्या बाजारात याच गाडीने गेली. भाड्याची गाडी बोलवावी लागली नाही.

तुमच्याही गावी कोणाच्या तरी गोठ्याशेजारी अशी एखादी गाडी उभी असेल. जरूर उभी करा तिला पुन्हा. फक्त टपावरचे लाइट ऑर्डर करण्याआधी एकदा आत बसा, पेडल दाबा आणि दहापर्यंत मोजा. ते खाली बसलं, तर तुमची पहिली खरेदी ठरली!