यंत्राला घसारा, बाईच्या देहाला काय?

‘अंग बाहेर येणे’ हा शब्दप्रयोग तेरच्या घराघरांत कुजबुजला जातो. आपल्या सभांतून मात्र तो कधीच उच्चारला गेलेला नाही. ही संकोचाची बाब नसून आपल्या राजकारणातील उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल पडले, की हे अवयव योनिमार्गात उतरू लागतात. ओझे उचलताना खाली ओढ लागते, लघवी रोखता येत नाही, बसणेही अवघड होते. कोवळ्या वयातील व लागोपाठची बाळंतपणे, ओली बाळंतीण असतानाच उचललेले भार, जुनाट खोकला, पाळी गेल्यानंतरची क्षीणता ही त्याची कारणे. यांतील किती निसर्गाची आणि किती समाजव्यवस्थेची, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा.

तेरपासून ढोकीचा साखर कारखाना जवळच आहे. उसाच्या अर्थकारणात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे हिशेबात बाई स्वतंत्र मजूरसुद्धा नाही. उचल फेडायची असते, खाडा पडला तर दंड बसतो. म्हणून बाळंतपणानंतर काही दिवसांतच मोळी पुन्हा डोक्यावर येते. कारखान्याच्या ताळेबंदात चरकाच्या झिजेपोटी घसारा धरतात. मोळी वाहणाऱ्या देहाच्या झिजेला मात्र त्यात रकाना नाही. ती झीज बाईने स्वतः सोसायची आणि उपचारासाठी पुन्हा मुकादमाकडूनच उचल घ्यायची!

हे अज्ञात होते असेही नाही. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे तीस वर्षांनी, २०१९ साली, शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आधी दुर्लक्ष आणि नंतर थेट सुरी, असा हा न्याय आहे.

वास्तविक अंग उतरलेल्या प्रत्येकीची पिशवी काढावी लागत नाही. प्रारंभी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम गुण देतात. आत बसविण्याची कडी, म्हणजे पेसरी, स्वस्त असून अनेकींना पुरते. शस्त्रक्रिया लागलीच, तर गर्भाशय राखून ते वर बांधता येते. तशा शस्त्रक्रिया मुंबईच्याच डॉ. शिरोडकर व डॉ. पुरंदरे यांनी रूढ केल्या. शिवाय नुसती पिशवी काढल्याने सैल पडलेला आधार सुधारत नाही. पुढे योनीचा वरचा भागही उतरू शकतो. हे ज्ञान महाराष्ट्रातच असताना मराठवाड्याच्या मजूर स्त्रीला ते मिळू नये, यालाच वर्गभेद म्हणतात.

नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हा प्रश्न स्त्रीच्या प्रजननहक्काचा मानून सरकारला पावले उचलण्याचे आदेश दिले. आपण मात्र तोडणीचे दर आणि मुकादमाचे कमिशन यांपुढे गेलो नाही. मागण्यांचे मसुदे पुरुषांनी लिहिले, मीही त्यांतलाच एक; त्यांत हा शब्द आलाच नाही.

आता तो यावा. अंग उतरणे हा श्रमातून उद्भवणारा आजार मानून भरपाई मिळावी. बाळंतिणीला सवेतन विश्रांती मिळावी व त्या काळात खाडा धरला जाऊ नये. ग्रामीण रुग्णालयांत तपासणी व पेसरी विनामूल्य मिळावी. दुसऱ्या, सरकारी डॉक्टरच्या मताशिवाय कोणाचीही पिशवी काढली जाऊ नये. साथींनो, पुढील हंगामापूर्वीच्या पहिल्याच मेळाव्यात हे ठराव स्त्रियांनी मांडावेत, आणि आपण पुरुषांनी मान खाली न घालता ते ऐकावेत.