संगणक तुम्हीच सज्ज करा

विद्यार्थीमित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेत आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड तुमच्यापैकी काहींनी हाताळला असेल. पण त्यासाठी संगणक सज्ज कोणी केला? बहुधा सरांनी, आदल्या दिवशी! तुम्ही आलात, बटण दाबले, दिवा लुकलुकला. माझ्या मते यात तुमचे नुकसानच झाले.

या बोर्डावरील चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी अवघी ३२ किलोबाइट जागा आणि २ किलोबाइट रॅम असते. एवढ्याशा जागेत कंपायलर मावणार कसा? म्हणून प्रोग्रॅम मोठ्या संगणकावर लिहायचा, तेथेच त्याचे चिपच्या भाषेत रूपांतर करायचे आणि मग तो यूएसबी केबलमधून चिपमध्ये उतरवायचा. ही साखळी स्वतः जोडल्याशिवाय ती कुठे तुटते हे कळत नाही. कधी केबल नुसती चार्जिंगची निघते. तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या ताराच नसतात. कधी पोर्ट चुकीचे निवडलेले असते. पुष्कळ स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० ही निराळी चिप असते. तिचा ड्रायव्हर संगणकात नसेल तर प्रोग्रॅम पाठवायला पोर्टच सापडत नाही. आणि विद्यार्थी घरी आपला प्रोग्रॅम तपासत बसतो. तो बिचारा निर्दोष असतो!

शिक्षकांनो, यात एक तास जाईल, जाऊ द्या. मुलांना यातले काहीच न बसवलेला संगणक द्या. १३ क्रमांकाच्या पिनवरचा दिवा लुकलुकवणे, एवढेच त्या दिवसाचे काम. काय बसवले, कोणती आवृत्ती, कोणत्या क्रमाने, हे मुलांनी वहीत टिपावे. नवा संगणक आला की ती वही सरांनाच मागावी लागेल.