इमारतीच्या आधीचा कागद

एखादी वास्तू वारसा ठरण्यासाठी तिचे वय किती असावे? दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने फेब्रुवारी २०१७ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले : किमान साठ वर्षे. प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर काही दिवसांतच, २३ एप्रिलच्या मध्यरात्री, पाडकामाची यंत्रे आत शिरली. वास्तुरचनाकार राज रेवाल आणि संरचना अभियंता महेंद्र राज यांनी घडवलेली ही वास्तू उजाडेपर्यंत ढिगाऱ्यात जमा झाली होती.

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी ती बांधली गेली. इतक्या मोठ्या, खांबविरहित दालनाचे छत पोलादी सांगाड्यावर पेलणे ही जगभरची रूढ रीत. आपल्याकडे पोलाद दुर्मीळ होते, हात मात्र मुबलक होते. म्हणून तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवरच ओतून, मजुरांच्या हातांनी उभा केला गेला. त्या सांगाड्याची खोली अशी राखली होती की भिंतीच जाळीसारख्या सावली देत. जाळीची ही युक्ती दिल्लीला शतकानुशतके ठाऊक आहे. गरिबी, ऊन आणि कारागिरी या तिन्ही गोष्टींना एकाच रचनेत उत्तर देणाऱ्या वास्तू आपल्याकडे फार नाहीत.

या पाडकामाबद्दल हळहळ पुष्कळ व्यक्त झाली आणि ती योग्यच होती. पण हळहळीत एक मुद्दा हरवला. आंतरराष्ट्रीय परिषदांसाठी राजधानीला मोठे सभागृह हवे होते, यात वाद नाही. आज तेथे असलेल्या भारत मंडपम्‌मध्ये सप्टेंबर २०२३ ची जी-२० परिषद पार पडली. वाद आहे तो क्रमाचा. मैदानाच्या पुनर्विकासाच्या योजनेत जुनी दालने पाडणे गृहीतच धरलेले होते. नव्या वास्तूच्या रचनाकारासमोर जुन्याला सामावून घेण्याचा प्रश्न कधी ठेवलाच गेला नाही. इमारत आपल्या भूमीशी, वारशाशी आणि माणसांशी कशी वागणार, हे आराखड्यात ठरते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या आधीच्या कागदावर ठरते. किती चौरस मीटर बांधायचे, पैसा कोठून येणार, जागेवर आधीपासून असलेल्यांपैकी काय ‘अडथळा’ मानायचे, हे तो कागद सांगतो. त्या कागदावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ होत नाही.

तो कागद वेगळा असला की काय घडते, हे पाहण्यासाठी दिल्लीबाहेर जाण्याची गरज नाही. जोसेफ अ‍ॅलन स्टाइन हा अमेरिकी वास्तुरचनाकार १९५२ मध्ये भारतात आला आणि दीर्घकाळ येथेच रमला. १९६२ मध्ये खुले झालेले इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही त्याची रचना. लोदी काळातील घुमटांच्या शेजारी बांधायचे, तर त्या घुमटांशी उंचीची स्पर्धा करायची नाही, हे त्याने आधी ठरवले. म्हणून इमारत बुटकी राहिली. स्थानिक दगडाच्या भिंती, जाळ्या आणि मधले हिरवे चौक यांमुळे बाग कोठे संपते आणि वास्तू कोठे सुरू होते, हे चटकन सांगता येत नाही. पुढे १९६८ मध्ये लोदी उद्यानाची फेररचनाही त्यानेच गॅरेट एक्बो या भूदृश्यकाराबरोबर केली. त्याचे १९९३ चे इंडिया हॅबिटॅट सेंटर त्याच परिसरात आहे. कितीतरी कार्यालये सामावणारी ही मोठी वास्तू. पण उन्हाळ्याच्या दुपारीही तिच्या चौकात माणसे बसलेली दिसतात, कारण वर छाया धरणारी आवरणे रचनेचाच भाग आहेत.

मात्र या परंपरेचे गोडवे गाताना हात थोडा आखडता घ्यावा. लोदी उद्यान १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ या नावाने खुले झाले, ते तेथील खैरपूर हे गाव उठवून. इंटरनॅशनल सेंटरच्या सदस्यत्वाची दारेही सामान्य दिल्लीकराला सहज उघडत नाहीत. भूमीशी आणि वारशाशी सभ्यपणे वागणारी वास्तू समाजाशीही तितक्याच सभ्यपणे वागेल, याची हमी नसते.

तिसऱ्या अंगाचा विचार दिल्लीत सर्वांत गांभीर्याने झाला तो निजामुद्दीनमध्ये. २००७ मध्ये आगा खान सांस्कृतिक न्यासाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महापालिका यांच्याबरोबर एक करार केला. रस्त्याच्या एका बाजूला हुमायूनची कबर आणि ओसाड पडलेली सुंदर नर्सरी, दुसऱ्या बाजूला दर्ग्याभोवतीची दाट वस्ती. रूढ पद्धतीत ही दोन वेगळ्या खात्यांची, दोन वेगळी कामे झाली असती : स्मारकाचे जतन आणि वस्तीची ‘सुधारणा’. येथे ती एकाच कागदावर आली. कबरीच्या घुमटावर आणि तटांवर पारंपरिक कारागिरांनी चुन्यात काम केले. त्याच वेळी वस्तीत महापालिकेची प्राथमिक शाळा आणि दवाखाना सुधारला, स्वच्छतागृहे झाली, उद्याने झाली. स्त्रियांचे ‘इन्शा-ए-नूर’ हे हस्तकलेचे आणि ‘झायका-ए-निजामुद्दीन’ हे स्वयंपाकाचे गट उभे राहिले. दर्ग्याजवळच्या चौदाव्या शतकातील बावडीची भिंत २००८ मध्ये कोसळली, तेव्हा तिची दुरुस्ती आणि तिच्यावर घरे करून राहणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागले. २०२१ मध्ये युनेस्कोने आशिया-प्रशांत विभागातील वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या वस्तीच्या कामाला दिला.

या कामाचा नव्या वास्तूवरही परिणाम झाला. जुलै २०२४ मध्ये खुले झालेले हुमायून कबर संग्रहालय जवळजवळ संपूर्ण जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून पाण्यापाशी जावे तसे बावडीच्या धर्तीवर आत उतरायचे, आणि वर मोकळे आकाश व घुमट तसेच राहू द्यायचे. हे रचनाकाराचे कौशल्य आहेच. पण तेथे काय झाकायचे नाही, हे त्याच्या आधी कोणीतरी लिहून ठेवले होते.

अर्थात निजामुद्दीन हा एका धनाढ्य न्यासाच्या दीर्घ चिकाटीचा अपवाद आहे. सरकार स्वतः बांधते तेव्हाचा नियम पाहायचा तर दक्षिण दिल्लीकडे वळावे लागेल. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी २५,६६७ नवी घरे, खर्च ३२,८३५ कोटी रुपये. जुनी घरे मोडकळीस आली होती आणि कर्मचाऱ्यांना घरे हवी होती, हे निर्विवाद. पण हा खर्च तिजोरीतून न करता याच जमिनीवरची व्यापारी जागा विकून भागवायचा, असे ठरले. पुढचे सारे त्या एका वाक्यातून आले. बुटक्या घरांच्या आणि दाट सावलीच्या वसाहतीवर मनोरे येणार, तळघरांत मोटारी येणार आणि झाडे जाणार, हे त्या दिवशीच निश्चित झाले. जून २०१८ मध्ये नागरिक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली आणि मग आराखडे बदलण्याची भाषा सुरू झाली. म्हणजे ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी होती, तो दोन वर्षांनी रस्त्यावरून विचारला गेला.

मुंबई-पुण्यातील वाचकाला हे गणित नवे नाही. विक्रीच्या मजल्यांनी पुनर्वसनाचे मजले पोसायचे, या सूत्रावर आपली अर्धी शहरे नव्याने उभी राहत आहेत. दिल्लीतील कायदा एका झाडामागे दहा झाडे लावायला सांगतो आणि २०२० च्या धोरणानुसार बाधित झाडांपैकी किमान ऐंशी टक्के झाडांचे पुनर्रोपण करावे लागते. हे नियम वाईट नाहीत. पण झाड मोजणे वेगळे आणि सावली मोजणे वेगळे. दूर कोठेतरी लावलेली दहा रोपे बसथांब्यावरच्या माणसाला ऊन लागू देणार नाहीत, असे नाही.

राजधानीच्या सीमेपलीकडे गुरुग्राममध्ये तर जमिनीचा उतारच कागदावरून गळाला. अरवलीवरून येणारे पावसाचे पाणी तेथे नजफगढ नाल्याकडे वाहते. ते अडवण्यासाठी घाटा, चक्करपूर, झाडसा असे बांध होते. हरियाणाच्या १९७५ च्या कायद्याने विकासकांना परवाने मिळाले ते जमिनीच्या तुकड्यांनुसार. पाण्याच्या वाटा मात्र तुकड्यांच्या हद्दी ओलांडून जात होत्या. जुलै २०१६ मध्ये हे शहर रात्रभर पाण्यात अडकले. त्या काचेच्या मनोऱ्यांपैकी काहींना हरित इमारतीची प्रमाणपत्रे असतील, आणि ती खोटीही नसतील. त्यांनी फक्त कुंपणाच्या आतले मोजले.

याबाबतीत आपल्याच एका माणसाची आठवण काढणे अप्रस्तुत ठरणार नाही. कोकणातील आचऱ्यात जन्मलेले अच्युत कानविंदे यांनी दिल्लीत दीर्घकाळ वास्तुरचना केली. १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर जो परिसंवाद घेतला, त्यामागे ते होते. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू होते. स्वतंत्र देशाने कसे बांधावे, हा प्रश्न तेव्हा पंतप्रधानांसमोर मांडता येत होता. आज तो निविदा विभागात सुटतो.

म्हणून सुधारणा तेथूनच व्हायला हवी. दिल्ली नागरी कला आयोग १९७३ च्या कायद्याने स्थापन झाला. त्याच्यापुढे प्रस्ताव येतो तो चित्रे तयार झाल्यावर, तेव्हा खिडक्यांचा रंग आणि दर्शनी भाग यांपलीकडे फारसे बदलता येत नाही. सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक मोठ्या प्रकल्पाची पूर्वअट-पत्रिका, म्हणजे बांधायचे क्षेत्रफळ, निधीचा मार्ग, जागेवरील पाणी, झाडे, जुन्या वास्तू आणि तेथे राहणारी व पोट भरणारी माणसे यांचा हिशेब, निविदेपूर्वी आयोगापुढे आणि लोकांपुढे यावी. यासाठी उशीर लागेल, असे मंत्रालये म्हणतील. सात वसाहतींच्या बाबतीत न्यायालयात गेलेला काळही उशीरच होता. आणि एखाद्या प्रकल्पाचा खर्च जमीन विकल्याशिवाय भागतच नसेल, तर ती गोष्ट संसदेपुढे अर्थसंकल्पात सांगावी. वास्तुरचनाकाराच्या चित्रामागे लपवू नये.

वयाची अट मात्र लगेच रद्द करता येईल. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत एकेका इमारतीबरोबर संपूर्ण परिसरालाही वारसा मानण्याची सोय आहे. दिल्लीने गुणवत्तेऐवजी दिनदर्शिका निवडली. तो निकष कायम राहिला, तर राज रेवाल यांनीच आखलेले, गल्ल्या आणि चौकांभोवती गुंफलेले सातशे घरांचे १९८२ चे आशियाई क्रीडाग्राम २०४२ पर्यंत कोणत्याही यादीत येऊ शकणार नाही. ते दक्षिण दिल्लीत, सिरी फोर्टच्या शेजारी आहे, आणि त्या जागेचा आजचा बाजारभाव सर्व संबंधितांना ठाऊक आहे.